आठ सीटची गाडी

२००१ साली कांद्याचे बरे पैसे झाले, तेव्हा फलटणहून जुनी मारुती ओमनी आणली. दोन्ही अंगाला सरकते दरवाजे, ७९६ सीसीचं इंजिन आणि तेही पुढच्या सीटखाली. ही व्हॅन कंपनीने १९८४ मध्ये काढली आणि २०१९ मध्ये बंद केली. त्या ३५ वर्षांत खेड्यापाड्यात तिच्यावर काय काय लादलं गेलं, ते तिचं तिलाच माहीत.

आमच्या माण तालुक्यात वडाप हाच मोठा आधार. गाडी फाट्यावर लावायची, ‘चला दहिवडी, दहिवडी’ म्हणून हाळी द्यायची आणि भरल्याशिवाय हलायचं नाही. कागदावर गाडी आठ सीटची. बाजारादिवशी मी तेरा-चौदा माणसं कोंबायचो. वर मेथीच्या जुड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादं करडू. उन्हाळ्यात इंजिनाच्या धगीनं पुढं बसणाऱ्याचं बूड भाजायचं, म्हणून ती जागा मी उधारीवाल्याला राखून ठेवायचो. पांढरी नंबरप्लेट, टी परमिट नाही. भाडं मारणं कायद्यात बसत नव्हतं. मला ठाऊक होतं, बसणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

वारीचे दिवस आले की मागच्या सीटा पान्यानं खोलून पडवीत ठेवायचो. खाली पोती, वर दोन गोधड्या, कडेला रॉकेलचा स्टोव्ह, पिठाचा डबा, पाण्याचा कॅन. झाली बिऱ्हाडाची गाडी. आण्णा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर पायी वारी करत आले. गुडघे गेले तरी ऐकेनात. “चाकावर वारी व्हत न्हाई,” म्हणायचे. शेवटी ठरलं, जमेल तेवढं चालायचं, रात्री पाठ टेकायला गाडी. आमच्या दिंडीचा सामानाचा ट्रक असायचा, त्याच्या मागोमाग मी पुढच्या तळावर जाऊन जागा धरायचो.

फलटणला माउलींचा तळ विमानतळाच्या मैदानावर पडतो. त्या वर्षी तिथं रात्री पावसानं झोडपलं. मी डिकीचं झाकण वर करून त्याला ताडपत्री बांधली होती, पुढं दोन बांबू. स्टोव्ह तिच्याखालीच, पेट्रोलच्या गाडीत आत पेटवायची माझी छाती नव्हती. तेवढ्यात चार बाया डोक्यावर इरलं घेऊन भिजत आल्या. कुठल्या, कोण, काही माहिती नाही. आण्णांनी गोधड्या त्यांच्या हवाली केल्या आणि आपण पुढच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. “इंजान कोमट हाय, बरं वाटतंय,” म्हणाले. पहाटे बाया चहा पिऊन आपल्या दिंडीत गेल्या.

दिवाळीनंतरची गोष्ट. एका लग्नाला फलटणला निघालो. आत चौदा माणसं, त्यात आण्णा. मोगराळे घाट उतरताना ब्रेक तापले आणि पायडल पार तळाला गेलं. दुसऱ्यावरून पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, तरी गाडी रेटतच चाललेली. मागं बायकांनी ‘इठ्ठल इठ्ठल’ सुरू केलं. शेवटी डोंगराच्या बाजूला खडीचा ढीग दिसला, त्यात घातली. काच फुटली, एका पोराच्या कपाळाला खोक पडली. गाडीचा दोष नव्हता. आठाची गाडी, चौदा मीच भरलेले.

आण्णा घरी येईस्तोवर बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, “दिंडीवाला माणसं मोजून घेतो, मोजून जेवाय घालतो. तू का मोजत न्हाईस?”

“त्या रातीला तुम्हीच चार बाया घेतल्या की,” मी म्हणालो.

“गाडी हुबी व्हती, बाबा.”

यावर मला उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या बाजारापासून आठच्या वर घ्यायचं बंद केलं. परमिट तरीही नव्हतं, ते खरं. कमाई जवळजवळ निम्म्यावर आली. आणि फाट्यावर माणसं राहायला लागली, हे त्याहून वाईट. पहिल्याच दिवशी आमच्या भावकीतली एक म्हातारी नववी आली. दवाखान्यात जायचं होतं. सरकून घ्या म्हणाली. मी दरवाजा लावला. “लई मोठा झालास रं,” ती म्हणाली. आरशात दिसत होती, पिशवी उन्हात ठेवून तिच्यावरच बसलेली.

पुढच्या बाजाराला मी फाट्यावर गेलो तेव्हा दिवस नुकताच उगवत होता. म्हातारी आधीच येऊन बसली होती. दरवाजा सरकवला तशी आत चढली आणि म्हणाली, “मी एक. मोज.”