तरोट्याची वरची ग्रंथी

वर्ध्याहून आंजी, खरांगणा, आर्वी, तळेगाव करत आष्टीपर्यंत मी वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडा बघत आलो. धावत्या एसटीच्या खिडकीतून कुर्डू, तरवड, कळलावी ओळखायची आणि शेजारच्यानं तोंडात बोट घालायचं, याची मला चटक होती. हा गर्व मी मनापासून जपला.

तरोटा मात्र त्याला कधी बधला नाही. पावसाच्या तोंडाशी ज्याची कोवळी भाजी आपण खातो, तो सेना टोरा की सेना ऑब्टुसिफोलिया? लिनिअसानं १७५३ मध्येच दोघांना वेगळी नावं दिली. पुढं कित्येक ग्रंथांनी दोघांना एकाच नावात कोंबलं. वनस्पतिशास्त्रज्ञ कुकचा प्रसिद्ध फ्लोरा, म्हणजे वनस्पतींचा ग्रंथ, मुंबई इलाख्याचा, आणि वर्धा तेव्हा मध्य प्रांतात; म्हणजे तिथूनही निवाडा मिळत नाही.

शेंगेचा देठ टोराचा आखूड, दुसऱ्याचा लांब. पण शेंग धरेपर्यंत थांबतो कोण? निवाडा पानांवरच्या ग्रंथींचा. टोरात पर्णिकांच्या खालच्या दोन्ही जोड्यांत एकेक, ऑब्टुसिफोलियात फक्त सर्वांत खालच्या जोडीत. केशरट, टोकदार, मोहरीहून बारीक. हाताळताना वरची मोडली की नावच बदलतं. म्हणून एका झाडाची पाच-सहा पानं बघायची, तीही ऊन आहे तोवर. दिवस कलला की पानं मिटतात.

आता भिंग धरूनही मला वरची ग्रंथी दिसत नाही. सोबत येणारी विद्यार्थिनी चिखलात गुडघे टेकते आणि म्हणते, ‘‘सर, वरच्या जोडीतपण आहे.’’ नाव मी सांगतो. बघितलेलं असतं तिनं. दुसऱ्याच्या डोळ्यांनी नाव घेणं मला अजून बोचतं. तिच्या नजरेचा हेवाही वाटतो.

मोबाइलला फुलाचा फोटो दाखवून क्षणात नाव घेणाऱ्यांशी माझं जमत नाही. पिवळं फूल दोघांचंही. फोटोत ग्रंथी कुठं असते? आणि समृद्धी महामार्गावर तर थांबायचीच सोय नाही. ताशी १२० किलोमीटरनं सगळा तरोटा नुसता हिरवा दिसतो.

जुने रस्तेही रुंद होत आहेत, कडेची माती काँक्रीटखाली जाते आहे. तुमच्या गावच्या रस्त्याला माती उरली असेल, तर या श्रावणात गाडी थांबवा, खाली वाका आणि तरोट्याच्या पर्णिकांच्या खालच्या दोन्ही जोड्या तपासा. दिसलेल्या ग्रंथी, तारीख आणि गाव वहीत लिहून ठेवा.