आमच्या घरातले तळे

गोरेगावच्या बैठ्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत एक तळे होते, असे सांगितले तर वाचक हसतील. पण आमच्या घरात माशांच्या टाकीला लहानथोर सारे तळेच म्हणत. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असे ते तळे. गेल्या महिन्यात आम्ही त्याचा निरोप घेतला.

हे नाव आप्पांनी ठेवले. त्यांचे वडील महाड तालुक्यातले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच मुलखातले. जिथे गुरेढोरे पाणी पीत, तिथे आपल्या माणसांना मज्जाव होता. कामावरून आल्यावर आप्पा टाकीसमोर बसत आणि म्हणत, "आमच्या बापाला ज्या पाण्याला हात लावू दिला नाही, ते पाणी आम्ही घरात बाळगलंय."

माशांचा नाद त्यांना तारापोरवाला मत्स्यालयाने लावला. मरीन ड्राइव्हवर ते 1951 साली सुरू झाले. गावाहून पाहुणे आले की आप्पा त्यांना हमखास तिथे नेत. पुढे क्रॉफर्ड मार्केटमधून टाकी आली, गप्पी आले, मोली आले आणि काच चाटून साफ करणारा एक काळा सकर मासाही आला. नळाचे पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवायचे, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो, ही शिस्त पोरांच्या अंगी तिथेच बाणली.

आता चाळ पाडून इमारत होणार आहे. तोवर आम्हाला भाड्याची खोली मिळाली ती चौथ्या मजल्यावर. घरमालकाने टाकीचे नाव काढताच मान हलवली. त्याचेही चूक म्हणता येत नाही. टाकीत सुमारे 56 लिटर पाणी मावते. एका लिटरचे वजन एक किलो. त्यात वाळू, काच आणि लोखंडी स्टँडचे ओझे वेगळेच.

त्या रात्री घरात कुणी नीट जेवले नाही. एक दुकानदार पैसे द्यायला तयार होता आणि घर हलवताना पैशाची निकड कुणाला नसते? पण आप्पा म्हणाले, "तथागतांनी उपासकाला जिवंत प्राण्यांचा व्यापार वर्ज्य सांगितलाय. विकत आणले तेव्हा हे सुचलं नाही, ती आपली चूक. आता विकायचे नाहीत."

थोरली म्हणाली, "मग आरेच्या तळ्यात सोडून देऊ. बिचारे मोकळे होतील!" आम्हालाही ते पटले. जीवदानाइतके पुण्य कोणते? पण धाकट्याने शाळेत ऐकलेले सांगितले. सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. टाकीत बोटाएवढा दिसतो, पण मोठ्या पाण्यात हातभर वाढतो. लोकांनी असेच दयेपोटी सोडलेले मासे आपल्या देशातल्या कित्येक तळ्यांत आणि नद्यांत पसरले आहेत. ते इथल्या माशांचे अन्न खातात आणि कोळ्यांची जाळी फाडतात. म्हणजे आमच्या एका माशाला मोकळे करताना आम्ही इथल्या हजार जिवांवर संकट आणले असते. करुणेला प्रज्ञेची जोड नसेल तर काय होते, हे आम्हाला त्या पोराने शिकवले.

शेवटी आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत जागा मिळाली. नेण्याच्या आदल्या दिवशी माशांना खाणे दिले नाही, म्हणजे पिशवीतले पाणी घाण होत नाही. पिशव्यांत थोडे पाणी आणि बाकी हवा भरली. टाकीतले जुने पाणी बादल्यांतून नेले. फिल्टरचा स्पंज मुद्दाम धुतला नाही, कारण पाणी निर्मळ राखणारे सूक्ष्म जीव त्यातच असतात. नव्या जागी पिशव्या वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग हळूच सोडल्या. आप्पांनी शेवटची पिशवी स्वतः उघडली. डोळे मात्र त्यांनी दुसरीकडे वळवले.

परत आलो तेव्हा टाकी होती तिथल्या भिंतीवर ओलीचा चौकोनी डाग तेवढा उरला होता. रात्री पंपाची घरघर नव्हती. त्या शांततेत धाकट्याला झोप येईना. आप्पा त्याला थोपटत म्हणाले, "अरे, सगळंच अनित्य. पण मासे आहेत ना जिवंत? मग रडायचं कशाला?" आणि स्वतःच डोळे पुसू लागले.

आता दर रविवारी आप्पा विहारात जातात. अभ्यासिकेतल्या मुलांनी पाणी बदलण्याच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. एका मुलीने टाकीवर कागद चिकटवला आहे: 'काचेवर टिचक्या मारू नयेत.'

घर बदलणाऱ्या बांधवांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुके जीव ओढ्यातळ्यांत टाकू नका. मायेने सांभाळणारे घर शोधा, थोडा वेळ लागतो, पण मिळते.