अर्धा मार्क

आमचं घर कल्याणला, पारनाक्याजवळ. सातवीत गणिताच्या बाईंनी माझा अर्धा मार्क कापला. उत्तर बरोबर होतं, पण एकक लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आई पेपर घेऊन शाळेत हजर! बाई समजावत होत्या, आई ऐकेना. शेवटी मुख्याध्यापकांनी मार्क द्यायला लावला. मी दाराआड, मान खाली घालून.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मुलांना मारायला बंदी केली, ते उत्तमच झालं. त्याच कायद्याचं कलम 24 म्हणतं, शिक्षकांनी पालकांना नियमित भेटून मुलाची प्रगती सांगावी. पण बाई सांगणार कधी? बोलायची ती फक्त आईच!

त्यानंतर माझ्या वहीत बाईंचा लाल शेरा कधी आलाच नाही. नुसती सही. वर्गात सगळ्यांना ओरडा बसायचा, मला सोडून. तेव्हा मला ती ऐश वाटली होती.

मित्रांनो, पहिल्या सेमला मेकॅनिक्सच्या पेपरात मी पुन्हा एकक विसरलो. मार्क गेले. रात्री होस्टेलवर आईचा फोन, "सरांशी बोलू का?"

म्हटलं, "नको गं. त्या बाईंशीच बोलायचं राहिलंय. दिवाळीत जाऊ या, दोघंही."

आई बराच वेळ गप्प होती.