स्कूटीचा काटा

गणित नको म्हणून मी अकरावीला बायो घेतलं. आईने गोहलपुरातल्या अर्ध्या गल्लीला सांगून टाकलं, पोरगी डॉक्टर होणार! पण नीटच्या ७२० पैकी १८० गुण फिजिक्सचे, आणि त्यात सुरुवातीलाच डीएक्स बाय डीटी. सर म्हणाले, "बायोवाल्यांनी सूत्रं पाठ करा." केली. त्वरण स्थिर होतं तोवर निभावलं, बदललं की अडलं. शेवटी बीए इंग्लिश. (त्याचं दुःख नाही, पगार त्यावरच चालतो.)

आता धाकट्यालाही बायो हवंय, कारणही तेच. परवा दमोह नाक्याकडे जाताना त्याला स्कूटीचा काटा दाखवला. "अख्ख्या रस्त्याचा काढतो तो सरासरी वेग. काटा दाखवतो तो या क्षणाचा. डीएक्स बाय डीटी म्हणजे तोच."

"एवढंच? मग ताई, तू का अडलीस?"

रविवारपासून आम्ही दोघं अकरावीचं पुस्तक घेऊन बसतोय. तो बायोच घेणार आहे.