चौकटीतला खिळा

लाकूड कापायचं मशीन घरी आलं तेव्हा आमच्या मंडळींनी एकच प्रश्न विचारला, "ह्ये दूध देतंय का?" म्हशीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले साडेबारा हजार त्यात गेले होते. त्यामुळे प्रश्न काही चुकीचा नव्हता. मी वैरण टाकायच्या निमित्तानं गोठ्यात गेलो.

२०२० सालची गोष्ट. लॉकडाऊनमध्ये पुण्यातली फर्निचरची कामं बंद पडली. माझ्या थोरल्याच्या ओळखीचा एक मिस्त्री होता, तो सगळं सामान विकून गावाकडे निघाला होता. थोरल्याचा फोन आला, "आबा, टेबलासकट करवत मिळतीय, निम्म्या किमतीत. घ्यायची का?" मी व्हय म्हणालो. टोमॅटोच्या टेंपोबरोबर रिकाम्या क्रेटच्या मधे बसून मशीन आलं.

बघायला ते शिवणयंत्रापेक्षा थोडं मोठं. खाली दुमडायचे पाय, वर ॲल्युमिनियमचा सपाट पाट, पाटाला मधे फट आणि फटीतून वर आलेलं दहा इंची गोल पातं. पाटाखाली अठराशे वॅटची मोटर. एका बाजूला सरकणारी सरळ पट्टी, तिला टेकवून लाकूड पुढं ढकलायचं. उचलायला दोन माणसं पुरतात. आजकाल एकाला जमत नाही, पण तो मशीनचा दोष नाही.

एवढी उठाठेव कशासाठी, तर गावात सुतार राहिला नव्हता. म्हणजे नाना सुतार होते, पण त्यांनी ऐंशी ओलांडली होती आणि डोळ्याला नीट दिसत नव्हतं. त्यांचा मुलगा कराडच्या बाजूला कारखान्यात लागला, नातू तर रंधा कशाला म्हणतात ते विचारेल. एकेकाळी नानांच्या दारात बैलगाड्यांची रांग असायची. कुळवाचं दिंड, तिफणीचं चाडं, जू, शिवळा, रुमणं, सगळं त्यांच्या वाकसाखालून जायचं. सुगीला खळ्यावर त्यांचं बलुतं मोजून दिल्याशिवाय आमचे वडील पोती घराकडे आणत नसत. ट्रॅक्टर आला, लोखंडी अवजारं आली, आणि नानांचं वाकस वळचणीला लागलं. मला शेळ्यांच्या गोठ्याला एक दार करायचं होतं. तालुक्याच्या मिस्त्रीनं चार महिने फक्त "येतो" म्हणून सांगितलं.

मशीन लावलं त्या दिवशी पहिलं भांडण विजेशी झालं. आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटर. शेतीची वीज एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री दहा तास. घराची सिंगल फेज वेगळी, पण संध्याकाळी सगळ्या वस्तीच्या चुली, टीव्ही, मोटारी चालू झाल्या की दिवा पिवळा पडतो. बटण दाबलं तर मशीन म्हातारा खोकल्यासारखं खोकलं आणि लाकडात पातं अडकून बसलं. मी पुन्हा दाबलं. जळका वास आला. वायरमनला दाखवलं तर तो माझ्या शंभर फुटी वायरकडे बघून हसला. पाण्याच्या मोटारीचं राहिलेलं बारीक वायर मी जोडलं होतं. अडीच एमएमचं आखूड वायर आणलं, अर्थिंगसाठी ओल्या जागी पट्टी गाडली आणि मशीन सकाळी सात ते दहामध्येच चालवायचं ठरवलं. दिवा पांढरा असेल तरच. आजही तोच नियम आहे.

मोटरच्या दोन्ही अंगाला दोन काळी टोपणं आहेत, पेचकसानं फिरवली की निघतात. आत कोळशाचे दोन छोटे तुकडे असतात, कार्बन म्हणतात त्यांना. ते झिजून आखूड झाले की मोटर ठिणग्या टाकते, मग बंद पडते. मला हे माहीत नव्हतं. ज्या दुकानात दाखवायला नेलं त्यांनी मोटर गेली म्हणून साडेचार हजार सांगितले. बसस्टँडमागच्या मिक्सर दुरुस्तीवाल्यानं त्याच मापाचे कार्बन ऐंशी रुपयांत बसवून दिले. तेव्हापासून दोन जोड मी हळदीच्या रिकाम्या डबीत ठेवून असतो.

भुसा हा या मशीनचा खरा वैरी. पातं वर-खाली करायचा जो आटा असतो, त्यात भुसा जाऊन बसतो. शेतकरी माणूस, काही घट्ट झालं की तेल सोडायचं एवढंच ठाऊक. मी तेल सोडलं. तेल आणि भुसा मिळून असा लगदा झाला की हँडल फिरेना. सगळं उलटं करून रॉकेलनं धुतलं, दात घासायच्या ब्रशनं आटा साफ केला. आता सायकलच्या पंपानं हवा मारतो आणि मेणबत्ती घासतो. मेणावर भुसा चिकटत नाही. पाटावर पण मेणबत्तीच घासायची, लाकूड लोण्यासारखं सरकतं. पात्याच्या दातांवर बाभळीचा डिंक जळून काळा थर बसतो, तो कोमट साबणाच्या पाण्यात पातं भिजवून काढायचा. पातं काढताना मशीनची पिन आधी उपसायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बटण पोराच्या हाताला पण लागतं. नट कुठल्या बाजूला फिरवायचा हे मी सुरुवातीला दरवेळी विसरायचो. पातं ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला पाना ओढला की नट सुटतो, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

आता जे सांगायचं मनात होतं ते सांगतो.

पात्याच्या बरोबर मागं एक पोलादी जीभ उभी असते, आणि तिच्यावर पारदर्शक झाकण. दाराच्या फळ्यांना खाच पाडायची होती, त्यात ही जीभ आडवी येत होती. म्हणून मी दोन्ही काढून फळीवर ठेवली. खाच पाडून झाली. जीभ परत बसवायला पाच मिनिटं लागली असती. ती पाच मिनिटं मला सापडली नाहीत, दोन महिने.

एके सकाळी बाभळीचं चार फुटी लाकूड उभं चिरत होतो. निम्म्यावर आलं आणि मशीनचा आवाज बदलला, दबका झाला. मी जोर लावला. पुढं काय झालं ते दिसलंच नाही. बरगडीखाली बैलानं शिंग घालावं तसा दणका बसला आणि मी मागं भुशात बसलो होतो. लाकूड माझ्या अंगाला घासून मागच्या पत्र्यावर आदळलं होतं. पत्र्याला पोचा पडला, जमिनीपासून तीन फुटांवर. त्या पत्र्याला टेकून बारदानावर बसून माझा सहा वर्षांचा नातू रोज मशीन बघायचा. त्या दिवशी त्याची आजी त्याला न्हाऊ घालत होती, म्हणून उशीर झाला होता.

मी मशीन बंद केलं. हात थरथरत होते. घरात सांगितलं की पाय घसरला. पोचा मात्र तिला दुसऱ्या दिवशी दिसला. ती काही बोलली नाही. बारदान उचलून घरात घेऊन गेली.

चार दिवसांनी नाना काठी टेकत आले. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. ते लाकूड हातात घेऊन त्यांनी कापलेल्या फटीत बोट घातलं. फट तोंडाशी मिटत आली होती, बोट जाईना.

"कवा तोडली ही बाभळ?"

"दोन महिनं झालं असतील, नाना."

"पाण्यात घातली हुती?"

"न्हाई."

"मग ती धरणारच की बापू. आंगात ताण असतोय तिच्या. चिरलं की दोन्ही फाका मिटाय बघत्यात." मग म्हणाले, "आमी दोघं मोठी करवत वडायचो तवा चार बोटं कापलं की मागनं पाचर मारायचो. न्हाईतर करवत धरून बसायची. तुज्या मशीनला पाचर न्हाई व्हय?"

मी फळीवरची जीभ काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चाचपली, अंगठ्यानं जाडी बघितली. "हीच की ती," म्हणाले आणि परत माझ्या हातात दिली. एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात त्या जिभेचं चित्र होतं. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, पुस्तक इंग्रजी, पण चित्र तर कळत होतं. पात्याचे मागचे दात खालून वर येत असतात. फट मिटून लाकूड त्यांना चिकटलं की ते लाकूड उचलून तुमच्याच अंगावर फेकतात. थोरल्यानं फोनवर हिशेब केला. मिनिटाला ४८०० फेरे, दहा इंची पातं, म्हणजे दाताचा वेग तासाला दोनशे तीस किलोमीटर. आमच्या एसटीनं इतकी वर्षं साठ ओलांडलेले मला आठवत नाहीत.

जीभ बसवली. उभं राहायची जागा बदलली, लाकडाच्या सरळ मागं न राहता डावीकडं सरकून. शेवटचा वीतभर भाग हातानं न ढकलता खाच पाडलेल्या काठीनं ढकलायचा. ओली बाभळ विहिरीजवळच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवली, ती पावसाळ्यानंतर काढली. लाकूड काळपट पडलं, वासही मारत होतं, पण सावलीत वाळवून चिरलं तर फट शेवटपर्यंत तशीच उघडी राहिली.

पुढच्या वर्षी जुनं घर उतरवलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर वडिलांनी बांधलेलं. त्याची सागवानी चौकट नानांच्याच हातची. सरपणात घालायला जीव होईना, म्हणून म्हटलं चिरून पाट करू. दुसऱ्याच कापाला कडाड आवाज झाला, ठिणगी उडाली. पात्याच्या चोवीस दातांपैकी दोन गायब. आत खिळा होता. वरून लाकूड गुळगुळीत, खिळ्याचा पत्ता नाही.

संध्याकाळी नानांना सांगितलं. ते डोळे मिटून बसले होते, मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "डाव्या उभ्याला, गणेशपट्टीपास्नं वीतभर खाली?"

"व्हय."

"तुज्या लग्नातला हाय त्यो. तोरण बांधाय ठोकला. तुज्या बानं सांगितलं काढ, तर डोकंच तुटलं. मग आत घालून वरनं लांबी भरली." थोड्या वेळानं म्हणाले, "आनिक दोन हायेत." आणि जागा सांगितल्या.

घरी येऊन जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोऱ्याला बांधून चौकटीवरून फिरवलं. एक खिळा सांगितला तिथंच सापडला. दुसरा चार बोटं खाली होता. नानांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "चौकट सरकली आसंल." मी हो म्हणालो.

पातं कराडला धार लावायला दिलं. नवे दात बसवून मिळतात, पण त्या खर्चात थोडी भर घातली की नवं पातं येतं. जुनं भिंतीला टांगलंय. नव्या पात्यानं काम चालू झालं आणि गावातली माणसं लाकडं घेऊन यायला लागली. कुणाला खिडकीची पट्टी, कुणाला खाटेचा गात, कुणाला कोंबड्यांचं खुराडं. मी पैसे घेत नव्हतो. शेजारपाजारच, काय घ्यायचं? आणि खरं सांगायचं तर मनात होतं की हे काम सुताराचं, मी ते घेऊन बसलोय. त्यात पुन्हा पैसे कसे घेऊ?

नानांच्या कानावर गेलं. ते आले ते ओट्यावर न बसताच बोलले. "फुकाट करतोयस म्हनं?"

"गावातलंच हाय, नाना."

"गावातलंच हुतं आमचं पन. बलुतं मागूनच घेत हुतो. तू फुकाट केलंस तर ह्या कामाला किंमतच न्हवती आसं हुईल." दम लागला म्हणून थांबले. "पैसं घे. आन् माप चुकलं तर परत दे."

त्या दिवसापासून कापाला दहा रुपये घेतो. ओली बाभळ असेल तर परत पाठवतो. काही जण रागावले, एकजण अजून बोलत नाही. त्या पैशातून कार्बन, पातं, लाईटबिल निघतं. म्हैस काही निघालेली नाही, हे मंडळी अधूनमधून आठवण करून देतात. नातू आता बारा वर्षांचा आहे. मशीन मागतो. मी त्याला नानांची हातकरवत दिलीय, आधी तिनं सरळ कापून दाखव म्हणालो. अजून सुतभर वाकडंच जातंय.

त्या चौकटीचे चार पाट झाले. पहिला नानांना नेऊन दिला. त्यांनी तो जमिनीवर ठेवला, एका कोपऱ्यावर बोट दाबलं, मग समोरच्या कोपऱ्यावर. पाट टकटक वाजला.

"एक पाय उचललाय, बापू. पट्टी सरकलीया तुजी."

मी म्हटलं, पट्टी घट्ट आहे, रोज बघतो. त्यांनी नुसती मान हलवली आणि पाट भिंतीला उभा करून ठेवला. घरी येऊन पट्टीचा खटका उघडला. खाली भुशाची वडी बसली होती. खटका वरनं आवळला जायचा, पण पट्टी आतून मोकळीच होती.