दुसऱ्या पाळीची जपमाळ

बल्लारपूरच्या एका कोळसाखाण-कामगाराच्या क्वार्टरात, जेथे माझे जाणेयेणे पुष्कळ वर्षांचे आहे, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली एक दिनदर्शिका टांगलेली असते. आणि तिच्यावर सणांच्या तांबड्या तारखा, दुधाच्या खाड्यांच्या फुल्या आणि गॅसच्या टाकीची नोंद यांच्या जोडीला प्रत्येक आठवड्याच्या आरंभी शिसपेन्सिलीने एकेक अक्षर व त्यापुढे एक वेळ लिहिलेली असते. 'प', 'दु' आणि 'रा' ही अक्षरे म्हणजे पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रात्रपाळी, हे या जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला कोणी समजावून द्यावे लागत नाही. पुढची वेळ मात्र कशाची, ते मला उमगेना. 'प' पुढे संध्याकाळचे सात, 'दु' पुढे सकाळचे साडेसहा, 'रा' पुढे रात्रीचे नऊ. ती घरातल्या जपमाळेची वेळ होती.

कुटुंब मूळचे केरळातले. १९२९ साली काझीपेठ-बल्लारशाह हा लोहमार्ग पुरा होऊन मद्रास आणि दिल्ली एकमेकींना जोडल्या गेल्या, तेव्हा दक्षिणेकडच्या माणसाला या अरण्यमुलखात उतरण्यास स्थानक मिळाले. पुढे कागदाची गिरणी, कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्र यांनी त्याला येथे राहण्यास कारण दिले. १९६२ साली रोमहून चांदा हे सिरो-मलबार परंपरेचे स्वतंत्र धर्मक्षेत्र ठरविण्यात येऊन त्याचा कारभार कार्मेल संघाच्या केरळी धर्मगुरूंकडे सोपविला गेला, १९७७ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला, आणि संत थॉमसच्या नावाचे त्याचे महामंदिर बल्लारपुरातच आहे. जिल्हा तेव्हा अखंड होता. गडचिरोली त्यातून १९८२ च्या ऑगस्टात वेगळा निघाला.

या संघाच्या संस्थापकांपैकी एक, २०१४ साली संतपदाला पोचलेले कुरियाकोस एलियास चावरा, यांनी १८६८ मध्ये आपल्या कैनकरी गावच्या कुटुंबांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले, जे 'चावरुळ' या नावाने केरळी घरांत आजही ठाऊक आहे. संतांचे लिखाण म्हणून जो बिचकत ते उघडील त्याला एखाद्या जाणत्या खोताचा दस्तऐवज हाती आल्यासारखे वाटेल: कज्जे कचेरीत नेऊ नका, कर्जापासून दूर राहा, मजुराची मजुरी अडवू नका, आळसात दिवस घालवू नका. आणि याच व्यवहारी यादीत, जणू तीही शेतसाऱ्याइतकीच ठरीव बाब आहे अशा थाटात, प्रार्थनेची ताकीद येते: संध्याकाळच्या घंटेला सर्वांनी घरी असावे, एकत्र बसून प्रार्थना करावी आणि कितीही मोठा पाहुणा आला तरी ती वेळ बदलू नये. पत्राची नक्कल घरोघर जपावी आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर्वांनी बसून वाचावी, हीही तजवीज त्यांनीच करून ठेवली. ईश्वराकडे जाण्याच्या मार्गात वेळापत्रकाला इतका मान देणारे सत्पुरुष मला मनापासून आवडतात. भक्तीच्या उमाळ्यावर विसंबणाऱ्यांचे मला थोडे भयच वाटते.

परंतु कैनकरीच्या पाणथळ शेतीला तीन पाळ्या नव्हत्या. वेळ बदलू नये असे मूळपुरुषाने बजावलेले, आणि येथे तर ती आठवड्यागणिक बदललेली. त्या कामगाराच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, मी हे विचारले, तेव्हा त्या पापड लाटीत होत्या. लाटणे न थांबविता त्या म्हणाल्या, "पाहुण्यासाठी बदलायची नाही, भाऊजी. हे काय पाहुणे आहेत?"

माझ्या चांगल्या स्मरणात आहे तो एका पवित्र गुरुवारचा प्रसंग. प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ त्या दिवशी केरळी ख्रिस्ती घरांत तांदळाचे पीठ आणि वाटलेली उडदाची डाळ यांची बिनखमिराची भाकरी वाफवतात, तिच्यावर आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मंदिरातून आणलेल्या झावळीचा क्रूस ठेवतात, आणि नारळाच्या दुधात गूळ, सुंठ व वेलची घालून त्याबरोबर पिण्याचे एक गोड पेय करतात. ती भाकरी घरातल्या कर्त्या पुरुषाने प्रार्थना करून मोडायची आणि थोरापासून लहानापर्यंत क्रमाने वाटायची. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तेथे ती करीत नाहीत. शेजारचे आणून देतात. हा विधी मंदिरात होत नाही, धर्मगुरूही लागत नाही. त्या एका रात्री स्वयंपाकघराला गाभाऱ्याचा अधिकार प्राप्त होतो.

नेमका तो आठवडा 'दु' चा होता, आणि पाळीची अदलाबदल करायला कोणी मिळाले नव्हते. दुसरी पाळी रात्री बाराला सुटते. नऊ वाजता मुले पेंगू लागली, दहाला धाकटी भिंतीला टेकून निजली, आणि भाकरी स्टीलच्या ताटात पांढऱ्या फडक्याखाली तशीच झाकून राहिली. थोरल्या मुलाने, जो त्या वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिला आला होता, शंका काढली की बारा वाजून गेल्यावर शुभ शुक्रवार लागतो, तो तर कडक उपवासाचा दिवस, मग गुरुवारची भाकरी मोडायची कशी? प्रश्न बिनतोड होता. वहिनींनी आजीकडे पाहिले. आजींना मराठी मोडकीतोडकी येई, तरी मलाही कळावा म्हणून असेल, त्यांनी निवाडा मराठीतच दिला: जो माणूस गुरुवारी घरातून गेला, तो येऊन हातपाय धुऊन बसेपर्यंत गुरुवार संपत नाही. कोणत्याही धर्मपीठाच्या दप्तरात असा ठराव नसेल, पण त्यावर अपील करण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

साडेबाराला तो आला. नखांच्या कडांना काळी रेघ तशीच होती. दोनदा साबण लावूनही ती गेली नाही. मुलांना हलवून उठविले. बायबलातला उतारा थोरल्याने मराठीत वाचला, प्रार्थना मलयाळममध्ये झाली, भाकरीचा पहिला तुकडा आजींना गेला आणि शेवटचा, अर्ध्या झोपेत तोंड उघडलेल्या धाकटीला. क्रुसाची भाकरी घरच्या ख्रिस्ती माणसांचीच असते. माझ्यासारख्यासाठी बिनक्रुसाची वेगळी वाफविलेली होती, तिला चव तीच. नंतर मुलांनी हात जोडून, येशूची स्तुती असो अशा अर्थाचे वाक्य म्हणत, प्रत्येक वडीलधाऱ्याला अभिवादन केले, माझ्यापुढेही केले. शुभंकरोती म्हणून झाल्यावर आमच्या घरी आजोबांपुढे वाकण्याचा जो परिपाठ होता, त्याहून ते मला कणभरही परके वाटले नाही.

अलीकडे पुष्कळ घरांतून संगमरवरी वेदिका, रंग बदलणारे विजेचे दिवे आणि कळ दाबताच स्तोत्र म्हणणारी यंत्रे दिसतात. माझी त्याला हरकत नाही. परंतु यंत्र स्तोत्र म्हणू लागले की घरातली माणसे गप्प बसतात, हे मी पाहिले आहे. त्यापेक्षा लितानी म्हणताना मरियामातेच्या निम्म्या उपाध्या गिळून टाकणारे पोर मला अधिक प्रिय आहे.

गडचिरोलीकडे मे महिना हा तेंदूपत्त्याचा हंगाम, आणि कॅथलिक पंचांगात तोच मरियामातेचा महिना. पहाटे जंगलातून पाने तोडून आणायची, दुपारभर ओसरीत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे, आणि सांजेला ते फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे, असा तिथला क्रम. तिकडच्या एका ख्रिस्ती म्हातारीला मी, शहरी माणसाच्या भाबडेपणाने, विचारले की हात चालू असताना जपही होत असेल. ती म्हणाली, "नाही बाप्पा. पन्नास मणी आणि सत्तर पानं एकदम मोजली तर दोन्ही चुकतात. फळीवरून आली की मग म्हणतो." फळीवरून परतायला तिला आठ वाजत, आणि त्या महिन्यापुरते तिच्या सुनेची चूलही थांबत असे. हंगाम संपला की जप पुन्हा दिवेलागणीला.

कामातच पूजा पाहावी असे सांगणारे विद्वान पुष्कळ आहेत. म्हातारीचा पक्ष मला अधिक खरा वाटतो: कामाला कामाची वेळ द्यावी, प्रार्थनेला प्रार्थनेची, आणि दुसरीसाठी चूल थोडी थांबवावी. म्हणून ज्यांना आपले घर प्रार्थनेचे करावयाचे आहे त्यांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, सुताराला देव्हाऱ्याचे माप देण्यापूर्वी एक करावे: घरातल्या सर्वांची हजेरी दिवसाच्या कोणत्या पंधरा मिनिटांत लागू शकते ते शोधून काढावे, आणि ती वेळ पेन्सिलीने लिहावी, शाईने नव्हे.