जलपरीचे दोन शेवट

जलपरीच्या गोष्टीला शेवट दोन. डिस्नेच्या १९८९ च्या कार्टूनपटात तिचे राजपुत्राशी थाटात लग्न लागते. हान्स अँडरसनच्या १८३७ च्या मूळ गोष्टीत तो दुसरीलाच वरतो. त्याला सुरीने मारले तर हिचा जीव वाचणार. पण ती सुरी समुद्रात भिरकावते, फेस होते आणि वायुकन्यांत जाऊन मिळते.

अकलूजला आमच्या नातीने आधी चित्रपट पाहिला. मग मी गोष्ट सांगितली. पोर गप्पच झाली. यंदाच तिची आजी गेली.

"आजोबा, आजीपण वाऱ्यात असेल?" तिने हळूच विचारले.

चित्रपटाशी माझे भांडण नाही. त्याने तिला हसवले. पण आजीचे नाव तिच्या ओठांवर आणले ते त्या जुन्या, दुःखी गोष्टीने.